खेळाच्या डब्यातली पत्रं

वाटूर,
६ जुलै २०२४

आकांक्षे,

आशीर्वाद. म्हाताऱ्या माणसापाशी तेवढंच असतं, ते घे. तुझं पाकीट मिळालं. आत कागद होता, कागदावर मुंग्या होत्या. वाचता काही आलं न्हाई. बेंगळुरात जाऊन अक्षर बारीक झालं, का शाई रेशनवर मिळती तिकडं?

भुजंगानं, म्हणजे तुझ्या बापानं, मला जालन्याला, त्यांच्या घराजवळच्या डोळ्याच्या दवाखान्यात नेल्तं. डॉक्टरनं डोळ्यात दवा टाकून बसवून ठेवलं, मंग पाटीवर मोठं लिहून दाखवलं. कान माझे दोन वर्षांमागंच गेले, त्याला ठाऊक होतं. लिहिल्तं, पडदा झिजलाय. मी म्हणलं, मंग दुसरा बसवा. तो हसला. मोतीबिंदू असता तर काढला असता म्हणे, हे तसलं न्हाई. समोरचं पुसत जाणार, कडेचं राहणार. म्हणजे आता मला माणसं तिरपी बघावी लागतील. बिघडत न्हाई. बरीचशी माणसं तिरपीच बघायच्या लायकीची असतात.

तू फोन करून राह्यलीस असं तुझ्या आईनं, वंदनानं, खुणेनं सांगितलं. कशाला? मला फोन आन् दगड सारखाच. फोनवर अक्षरं पाठवशील तर ती मुंग्यांची पिल्लं. शेजारच्या बालकिशन शेठनं खूण केली, पत्र मी वाचून दाखवतो. म्हणलं, शेठ, वाचशील तू, ऐकंल कोण?

तवा मोठं लिही. जाड लिही.

आन् तुझा तो खेळाचा डबा टीव्हीखाली पडून आहे. भुजंग म्हणतो विकून टाकू. मी त्यावर दुधाचं पातेलं ठेवते, पसरट आहे, बराबर बसतं. काय करायचं ते कळव.

तुझी आजी,
चांगुणाबाई


बेंगळुरू,
१६ जुलै

आजी,

आधी पातेलं उचल! डबा विकू देऊ नकोस.

जाड पेन आणलाय. एका पानावर चारच ओळी मावतात, म्हणून पानं खूप झालीत. क्रम घातलाय.

तो डबा व्हिडिओ गेम खेळायचा असला तरी आतून पुरता कंप्युटर आहे. बनवणाऱ्यांनी त्याला फक्त खेळायचं शिकवलं. मी त्यावर लिनक्स चढवणार आहे. लिनक्स म्हणजे कंप्युटर चालवणारा कारभारी समज. जगभरातल्या लोकांनी मिळून बनवला, कुणीही न्यावा. एकदा तो बसला की माझं पत्र टीव्हीवर येईल. एकेक अक्षर भाकरीएवढं. आणि खाली तू कीबोर्डवर उत्तर लिहायचंस.

मी डबा कधीच अपडेट केला नाही, म्हणून हे जमतंय. अपडेट झाला की ज्या फटीतून लिनक्स आत जातं ती फट बुजते. तेव्हा डब्यानं कितीदाही विचारलं तरी 'नाही' म्हणायचं.

पार्सल येईल. त्यात कीबोर्ड आणि करंगळीएवढा पेनड्राइव्ह आहे. लिनक्स त्या पेनड्राइव्हमध्ये आहे, जपून ठेव. बालकिशन काकांचं वाय-फाय भिंतीपलीकडून मिळेल, त्यांना मेसेज केलाय. काय काय दाबायचं ते शेवटच्या पानांवर लिहिलंय.

मीच आले असते. नवीन ऑफिस, सुट्टी मिळत नाही. बाकी माझं मस्त चाललंय. पुष्कळ मैत्रिणी झाल्यात.

आकांक्षा


वाटूर,
४ ऑगस्ट

आकांक्षे,

पातेलं उचललं. तुझं पत्र खाटेवर सतरंजीसारखं पसरून वाचलं. वारा आला आन् मधलं पान खाटेखाली गेलं, म्हणून एक दिवस नुसताच गेला.

लिनक्स म्हणजे दुसऱ्याच्या घरात आपली चूल मांडणं, एवढं मला समजलं. लोकांनी मिळून बनवलं आन् फुकट वाटलं म्हणतेस. आपल्या गावात लग्नाची भांडी मिळून घेतल्ती. परातीसुद्धा परत आल्या न्हाईत. तुमची माणसं बरी म्हणायची.

पेनड्राइव्ह खोचला. डबा चालू केला तर पहिल्याच झटक्याला विचारतो, अपडेट करू का. म्हणलं, न्हाई. न्हाई म्हणायला तू मला शिकवू नको, तुझ्या आजोबाला जन्मभर म्हणले. मंग टीव्हीवर तू खूण करून ठेवलेलं पान उघडलं, सांगितलं तिथं दाबलं. टीव्ही काळा. वाट पाहिली. काही न्हाई. बंद केला, परत लावला. परत काळा. तू लिहिल्तंस की पहिल्यांदा लागत न्हाई, फिरून फिरून करावं. ओल्या पऱ्हाट्यांची चूल असती तशी गत. फुंकत बसले. बालकिशन शेठ दारातून डोकावला आन् हातानं विचारलं, काय चाललंय? म्हणलं, सैपाक.

तिसऱ्या दिवशी लागली. टीव्हीवर वरच्या अंगाला रांगेनं पक्षी उभे राह्यले. काळं अंग, पांढरं पोट, पंख खाली सोडलेले. हे कोणते पक्षी? कोर्टातल्या वकिलांसारखे दिसतात. मंग बारीक अक्षरं खालून वर पळाली, पळाली आन् थांबली. पाटी आली. पाटीवर भाकरीएवढं लिहिल्तं: आजी, जेवलीस का?

एवढा खटाटोप करून हेच विचारायचं होतं का ग?

कीबोर्डावर 'जेवले' लिहिता लिहिता माझी दुपार गेली, म्हणून बाकीचं हे कागदावर लिहून राह्यले.

चांगुणाबाई


टीव्हीवर,
११ ऑगस्ट

आजी,

तुझं 'जेवले' आलं तेव्हा मी खोलीत उभी राहून टाळ्या वाजवल्या.

ते पक्षी पेंग्विन. बर्फात राहतात. ही लिनक्सची खूण आहे. डब्याच्या मेंदूचे आठ भाग आहेत, म्हणून आठ पक्षी.

लाईट गेली की डबा बंद पडेल आणि तुला पुन्हा पहिल्यापासून पेटवावं लागेल. लिनक्स डब्यात मुरत नाही, पेनड्राइव्हवरच राहतं.

काल सगळ्या मैत्रिणी मिळून बाहेर जेवायला गेलो. खूप हसलो.

आकांक्षा


टीव्हीवरून,
२० ऑगस्ट

आकांक्षे

रोज सकाळी चूल पेटवते. डबा रोज विचारतो अपडेट करू का. रोज न्हाई म्हणते. दिवसभरात मला काही विचारणारा तेवढा एकच आहे, त्यालाबी न्हाई म्हणावं लागतं.

तुझं अक्षर दिसतं. बराबर दिसतं.

मैत्रिणी म्हणतेस. त्यांची नावं काय? तू माणसाचं नाव घेतल्याबिगर गोष्ट सांगत नव्हतीस कधी.

बोटं दुखली. पुरे.


वाटूर,
३० सप्टेंबर

आकांक्षे,

कागदावर लिहून राह्यले, यावरून ओळख काय ते. घाबरू नको. मी धड आहे, तुझा लिनक्स गेला.

घट बसायच्या आधी दसरा काढावा लागतो. घरातली चिंधीन् चिंधी धुवायची, भांडंकुंडं घासायचं. वंदना त्यासाठी जालन्याहून आल्ती. ती कामाला लागली म्हणजे हाताला येईल ते उचलून अंगणात नेती, आन् अंगणातून काय परत येईल त्याचा नेम न्हाई. म्हणून मी शहाणपणा केला. पेनड्राइव्ह काढला आन् पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवला. किल्ली, तंबाखू, गंडा-ताईत, आमचं सगळं पदराच्या गाठीत राहतं. आजवर काही हरवलं न्हाई.

मंग वंदनानं खूण केली, अंगावरचं लुगडंबी सोडा, धुते. मी सोडलं. तिनं ते दगडावर धोपटलं. चांगलं धोपटलं. माझ्या लुगड्यावर तिला जोर चढतो.

गाठ काही सुटली न्हाई. आतला चपटा झाला. उन्हात वाळवला, खोचून पाहिला. डबा म्हणतो, कोणता खेळ खेळणार? वंदना बिचारी कानाला हात लावून उभी राह्यली. तिचा दोष न्हाई, गाठीत मी बांधला. पण हे तिला सांगितलं न्हाई. सुनेला थोडं दबून राहू द्यावं.

दुसरा पाठव. जल्दी पाठव. या कागदावरच्या माझ्याच ओळी मला एकीवर एक चढल्यासारख्या वाटून राह्यल्यात. तू वाचू शकशील न शकशील.

चांगुणाबाई


बेंगळुरू,
७ ऑक्टोबर

आजी,

तुझं पत्र वाचून मी एकटीच हसत सुटले. नंतर रडू आलं, का ते माहीत नाही.

दुसरा पेनड्राइव्ह पाठवते. हा दोरीत ओवलाय. गळ्यात घाल. आंघोळीला काढ.

दिवाळीला येणं जमणार नाही. ऑफिसात काम फार आहे.

आकांक्षा


टीव्हीवरून,
२६ ऑक्टोबर

आकांक्षे

दुसरा मिळाला. दोनदा फुंकल्यावर लागला. आता गळ्यात पोत आन् हा. शेठ खुणेनं विचारतो नवा दागिना का.

पक्षी आले. पण रांगेत कडेचे दोनच उभे. बाकीचे पळाले वाटतं. त्यांचं तू पाहून घे.

मी एक युक्ती केली. कीबोर्डाच्या कळांवर फेव्हिकॉलनं दाणे चिकटवले. वरच्या ओळीला ज्वारी, मधल्या ओळीला तूर, खालच्या ओळीला करडई. लाईट जाते ना आपल्याकडं सारखी. अंधारात बोटाला कळावं म्हणून.

आता जल्दी लिहिता येतं. तूर हाताला लागली की घरात आल्यासारखं वाटतं.

काम फार आहे तर येऊ नको. मी काही वाट बघत न्हाई.


टीव्हीवर,
९ नोव्हेंबर

आजी,

मी इथून डब्यात शिरून तपासलं. मेंदूचे आठही भाग चालू आहेत. पक्षी पळाले नाहीत, काळजी करू नकोस.

आता एक सांगते. फक्त तुला. आईबाबांना सांगू नकोस.

माझी नोकरी ऑगस्टमध्येच गेली. एका सकाळी अर्ध्या लोकांना काढलं, त्यात मी. तू मैत्रिणींची नावं विचारलीस तेव्हा मी बसून नावं रचत होते. जमलं नाही. मैत्रिणी नाहीत आजी. होत्या त्या ऑफिसातल्या, ऑफिसाबरोबर गेल्या.

दिवाळीत खोलीतच होते. काम वगैरे काही नव्हतं. घरी आले असते तर बाबांनी विचारलं असतं आणि महिन्याभरात माझं लग्न उरकलं असतं. कधी कधी दिवस दिवस तोंडातून शब्द निघत नाही. परवा दुकानात दूध मागायला गेले आणि आवाजच फुटेना. बोट दाखवलं.

अजून अर्ज करू की सगळं सोडून परत येऊ? तू म्हणशील ते करीन. खरंच करीन.

आकांक्षा


टीव्हीवरून,
१२ नोव्हेंबर

आकांक्षे

तुझं पत्र आलं. वाचलं. छान लिहितेस.

कापूस फुटला. वेचणीला बाया मिळंनात. भुजंग शेतावर ओरडत फिरतो म्हणे, मला काय, मला सगळे मुकेच दिसतात. थंडी पडली. तुझ्या मैत्रिणींना भुईमुगाच्या शेंगा पाठवते. हापिसात वाटून खा. साहेबाला उलटं बोलू नको, तुझी जीभ माझ्यावर गेलीय.


टीव्हीवर,
१२ नोव्हेंबर

आजी,

तू वाचलं नाहीस.

आधी राग आला. मी एवढं लिहिलं आणि तू शेंगा पाठवतेस. मग ते दाणे आठवले. लाईट गेली की डबाच बंद पडतो. मग अंधारात लिहायला दाणे कशाला लागतात? आणि पक्षी पळाले नव्हते. तुलाच कडेचे तेवढे दिसत होते. मी मशीन तपासत बसले, तुला विचारलं नाही.

हेही तू वाचणार नाहीस. तरी लिहितेय. दुसऱ्या कुणाला लिहू?

आज बस धरते. उद्या शहागडला उतरून घनसावंगीवरून जीपनं येते.

आकांक्षा


टीव्हीवरून,
८ डिसेंबर

आकांक्षे

तू आलीस, राह्यलीस, आन् काल गेलीस. घर आता परत पहिल्यासारखं झालंय. म्हणजे कुठं काय ठेवलं ते हाताला सापडतं.

आल्या दिवशी तू माझा हात धरून तळहातावर बोटानं एकेक अक्षर काढलंस. तुझी बोटं गार पडल्ती. मी एकेक मोठ्यानं म्हणत गेले. नोकरी गेली. मी म्हणलं, मंग? जगात कुणाची गेली न्हाई का? तू रडून राह्यलीस हे तुझ्या हातावरून कळलं. म्हणलं, रड निवांत. मला ऐकू येत न्हाई, दिसत न्हाई, लाजायचं कारण न्हाई. तू चांगली तासभर रडलीस. एवढं सुख तुला दुसऱ्या कुणापुढं मिळालं नसतं.

परत येऊ का, असं तू तळहातावर विचारलंस. मी ये म्हणले न्हाई. आली असतीस तर मला बरं वाटलं असतं. म्हणूनच म्हणले न्हाई. माझ्या बऱ्या वाटण्यावर तुझं वय काढायचं का? अर्ज कर. न्हाईच जमलं तर मंग ये, पण जमलं न्हाई म्हणून ये, माझ्यासाठी आले म्हणून सांगत येऊ नको.

आन् तू विचारलंस, दिसत न्हाई हे लपवलं काहून. तुला सांगितलं असतं तर तू लिहिणं बंद केलं असतंस. अक्षर दिसत नव्हतं. पण तुझं पत्र आलं की पाटी पांढरी व्हायची आन् भिंतीवर उजेड पडायचा. तो मला कडेनं दिसायचा. कुणीतरी काहीतरी पाठवलं, एवढं कळायचं. तेवढ्यासाठी मी रोज चूल पेटवून राह्यले होते. तूबी लपवलंस, मीबी लपवलं. वंदना म्हणती तू माझ्यावर गेलीस ते खोटं न्हाई.

आता तुझ्या नव्या सोयीचं. खेळताना दोन मुठीत धरायचा तो तुकडा तू डब्याला जोडून ठेवलास. खेळात गाडी आदळली की तो हातात थरथरायचा म्हणे. आता त्यावर खेळ न्हाई, लिनक्स आहे, तर तू ती थरथर आपल्या कामाला जुंपलीस. मी लिहून विचारायचं. तू तिकडून कळ दाबायची. एकदा थरथरलं तर हो. दोनदा थरथरलं तर न्हाई. मला हे पसंत आहे. पत्रात माणूस ऐसपैस खोटं लिहितं. हो-न्हाईत जागा कमी असते.

तुकडा मांडीवर घेतलाय. विचारते. ध्यान ठेव.

पोचलीस का?

एकदा. बरं झालं.

बसमध्ये झोप लागली का?

दोनदा. लागायची न्हाईच.

बापाला नोकरीचं सांगितलंस का?

दोनदा. आईला?

एकदा. शाबास. रागावली का?

दोनदा. मंग ती घाबरली असंल. ती घाबरली की गप बसती, धोपटती तेवढी. तिला फोन कर. तिचे कान चांगले आहेत.

आज कुणाशी बोललीस का? तोंडानं?

दोनदा.

आता शेजारचं दार वाजव. साखर मागायची. साखर असली तरी मागायची. आपल्याकडं नव्या जागी माणूस तसंच वळखीचं होतं. जाशील का?

थरथरत न्हाई. लाईट गेली का? न्हाई, भिंतीवर उजेड आहे.

जाशील का म्हणते.

एकदा. लई उशिरानं, पण एकदा. धरून चालते.

आता एक विचारते. आलीस तवा विचारलं न्हाई. हात हातात असला की माणूस खरं सांगत न्हाई.

एकटं वाटतं का तिकडं?

थांब, दाबू नको. हात पुसून घेते. हं, दाब.

एकदा.

अजून एक येतं का म्हणून मी वाट पाहिली. आलं न्हाई.

बरं.

मलाबी वाटतं.

मिरच्या वाळत घालायच्या होत्या, राहू दे. हे अजून थोडा वेळ हातातच धरते.